भरतीची भिंत: साडेसात मीटरच्या फ्लूममधल्या प्रयोगाच्या नोंदी

१३ जानेवारी २०२५
उद्देश ठरला. हुगळीत ज्याला 'बान' म्हणतात आणि इंग्लंडच्या सेव्हर्नमध्ये किंवा चीनच्या छ्येनथांगमध्ये जो बोअर येतो, तो प्रयोगशाळेतल्या फ्लूममध्ये (काचेच्या भिंतींच्या लांब, उघड्या पाण्याच्या नाळेत) उभा करायचा आणि कशामुळे मरतो तेही बघायचं. बोअर म्हणजे भरतीचं पाणी हळूहळू न चढता एका उभ्या पायरीच्या रूपात नदीच्या प्रवाहाविरुद्ध वर जाणं. पायरीच्या पुढे ओहोटीचं पाणी अजून समुद्राकडे वाहत असतं, पायरीच्या मागे सगळं पाणी नदीत वर निघालेलं असतं. धरणाच्या सांडव्याखाली एका जागी उभा असलेला हायड्रॉलिक जंप (वेगाने येणारं उथळ पाणी एकदम उसळून खोल होतं ती पायरी) सगळ्यांनी पाहिलेला असतो. बोअर हा तोच जंप, फक्त चालता.

समजूत अशी असते की समुद्राची भरती मोठी असली की बोअर येतोच. भरती मोठी लागते हे खरं, साधारण साडेचार-पाच मीटरच्या खाली बोअर क्वचितच दिसतो. पण १० मीटर भरतीच्याही कित्येक नदीमुखांत तो येत नाही. निकाल लागतो तो ओहोटीच्या शेवटी नदीत किती कमी पाणी उरलंय यावर. सगळे प्रयोग याच प्रश्नाभोवती आखले आहेत.

१८ जानेवारी
फ्लूमचा सांगाडा झाला. आतली रुंदी ३० सेंमी, लांबी ७.५ मीटर, भिंतींची उंची ४५ सेंमी. ४० × ४० × ५ मिमी एमएस अँगलची चौकट, तळाला १८ मिमी मरीन प्लाय, दोन्ही बाजूंना ८ मिमी टफन्ड काच, प्रत्येकी दीड मीटरचे पाच तुकडे. दर दीड मीटरला स्क्रू जॅक.

तळ सपाट करण्याला सगळ्यात जास्त वेळ द्यावा. पुढच्या काही चाचण्या ५ सेंमी खोलीवर आहेत आणि तिथे १ मिमीचा चढउतार म्हणजे २ टक्के चूक. स्पिरिट लेव्हलने हे साधत नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी घेतली, शेवटचा हात फ्लूममध्येच १ सेंमी पाणी उभं करून पट्टीने दिला.

सिलिकॉनबद्दल: व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन काचेला काच जोडायला चांगलं, पण त्यातलं अॅसेटिक अॅसिड लोखंडाला गंज आणतं आणि सांधा आतून सुटतो. काच-लोखंड सांध्याला न्यूट्रल क्युअर सिलिकॉनच हवं. जाड सांधा एका दिवसात वरून वाळलेला दिसला तरी आतून ओलाच असतो, तीन दिवस पाणी भरू नये.

२७ जानेवारी
पाण्याचा फेरा जोडला. खाली १५०० लिटरची काळी टाकी, दोन लो-हेड (कमी उंचीवर भरपूर पाणी देणारे) पंप, प्रत्येकाची क्षमता सेकंदाला १५ लिटर. एक पंप 'नदी'चा, वरच्या टोकाला, दुसरा 'समुद्रा'चा, खालच्या टोकाच्या टाकीत. दोन्ही ठिकाणचं पाणी पुन्हा काळ्या टाकीत.

नदीचा प्रवाह ९० अंशाच्या व्ही-नॉचवर (व्ही आकाराची खाच असलेल्या पाटीवर) मोजतो. नॉचवरची पाण्याची उंची मीटरमध्ये घेऊन तिचा अडीचावा घात, गुणिले १.३८, म्हणजे सेकंदाला घनमीटर. ३ लिटरला ८.६ सेंमी, ६ लिटरला ११.४, १२ लिटरला १५.०, १५ लिटरला १६.४. पट्टी नॉचपाशी लावायची नाही, तिथे पाणी खाली वाकतं. निदान ७० सेंमी मागे लावायची.

वरच्या टोकाला पाणी पंपातून उसळत येतं. २० मिमी पीव्हीसी पाइपचे २५ सेंमीचे तुकडे आडवे रचून जाळी केली, पुढे पाण्यावर थर्माकोलची पाटी तरंगत ठेवली. जाळी नसेल तर पृष्ठभागावर आधीच लाटा असतात आणि बोअरच्या पाठीमागच्या लाटा कुठल्या आणि पंपाच्या कुठल्या हे कळत नाही.

३ फेब्रुवारी
पहिला बोअर गेटने करायचा. फ्लूममध्ये नदी एकसारखी वाहती ठेवायची, खोली खालच्या टोकाला पाणी अडवणाऱ्या आडव्या पट्टीने ठरवायची आणि तोंडाशी गेट एकदम पाडायचं. अडलेलं पाणी पायरी बनून वर निघतं. यात भरती नाही, पण पायरी झाल्यावर ती कशी चालते हे सगळ्यात स्वच्छ असंच दिसतं.

गेट ०.२ सेकंदाच्या आत बंद व्हायला हवं. उंचावरून पाडलं की जोरात पडेल असं वाटतं, पण २५ सेंमी मोकळं पडायलाच ०.२३ सेकंद जातात. म्हणून खालची कड पाण्याच्या पृष्ठभागाच्या जेमतेम वर धरायची. मग पाण्यातलं १० सेंमी अंतर ०.१४ सेकंदात. ३ मिमी अॅल्युमिनियमचा पत्रा, कडेच्या खाचांत टेफ्लॉनच्या पट्ट्या, वर २ किलो वजन, खाली ५ मिमी रबर. वजन वेग वाढवायला नाही, खाचेतलं घर्षण आणि पाण्याचा धक्का यांनी पत्रा तिरका होऊन अडकू नये म्हणून. गेट हळू बंद झालं तर पायरीऐवजी उतरण तयार होते, पुढच्या दोन-तीन मीटरमध्ये ती उभी होते आणि मोजायला फ्लूम कमी पडतो.

८ फेब्रुवारी
गेटच्या चाचण्या. आधी गणित, मग पाणी.

पायरीबरोबर चालणाऱ्याच्या नजरेतून पाहिलं की हिशेब सोपा होतो. पुढच्या पाण्याचा वेग अधिक पायरीचा वेग, भागिले पुढच्या खोलीतल्या लहान लाटेचा वेग (९.८१ गुणिले खोली, त्याचं वर्गमूळ), हा फ्राउड अंक. १ च्या खाली पायरी टिकतच नाही. मागची आणि पुढची खोली यांचं गुणोत्तर म्हणजे (१ + ८ × फ्राउडचा वर्ग) याचं वर्गमूळ, त्यातून १ वजा, त्याचं अर्धं. फ्रेंच अभियंता बेलांजे याचं हे समीकरण उभ्या जंपचंच आहे.

पहिली चाचणी: प्रवाह ६ लिटर, खोली १० सेंमी. नदीचा वेग ०.२ मीटर प्रतिसेकंद. हिशेबाने पायरीचा वेग ०.९५, मागची खोली १२.१ सेंमी, फ्राउड १.१६. पाण्यात फेस अजिबात नाही. गुळगुळीत पहिला माथा, मागे लाटांची माळ. पहिल्या माथ्याची उंची पायरीच्या सरासरी उंचीच्या दीडपट ते दुप्पट असते. स्विस अभियंता फाव्र याने १९३५ मध्ये हे कालव्यांसाठी मोजून दाखवलं. जलविद्युत केंद्राचं गेट अचानक बंद झालं की वरच्या कालव्यात ह्याच लाटा धावतात, आणि काठाची उंची फक्त सरासरी पायरीवरून ठरवली असेल तर पाणी काठावरून जातं.

दुसरी: १५ लिटर, १० सेंमी. नदी ०.५, पायरी ०.९०, मागे १५.६ सेंमी, फ्राउड १.४१. लाटांची माळ आहे, पण पहिल्या माथ्यावर पांढरी रेघ फुटायला लागली. मधली अवस्था.

तिसरी: १२ लिटर, ७ सेंमी. नदी ०.५७, पायरी ०.७३, मागे १२.५ सेंमी, फ्राउड १.५७. आता खरी फुटती भिंत. काचेतून बघा: पुढच्या तोंडावर पाण्याचा एक रूळ स्वतःभोवती फिरत असतो, हवा आत ओढतो, बुडबुडे मागे सोडतो. सोडलेला निळा रंग तळाशी आधी समुद्राकडे जात असतो. रूळ डोक्यावरून गेला की क्षणात थांबतो आणि उलटा फिरतो. नदीचा तळ कशाने उपसला जातो ते इथे नीट दिसतं.

तिसऱ्या चाचणीला १:३० ची फ्राउड मोजपट्टी (लांबी ३० पट, वेग ३० च्या वर्गमुळाइतका पट) लावली तर खोली २.१ मीटर, पायरी १.६ मीटर, वेग सेकंदाला ४ मीटर, म्हणजे ताशी साडेचौदा किमी. उधाणाच्या चांगल्या दिवशी खऱ्या नद्यांत दिसणाऱ्या बोअरच्याच पल्ल्यातले हे आकडे आहेत.

व्हिडिओतून निघालेला वेग तिन्ही वेळा हिशेबापेक्षा किंचित कमी. काचेचं आणि तळाचं घर्षण, शिवाय गेटच्या कडेची गळती.

१० फेब्रुवारी
मोजण्याबद्दल थोडक्यात. स्वस्त अल्ट्रासॉनिक सेन्सर इथे निकामी. त्यांचा शंकू १५ अंशांचा, ३० सेंमीवरून ८ सेंमीच्या वर्तुळातली सरासरी मिळते, आणि उभ्या तोंडावरून प्रतिध्वनी परत न येता बाजूला जातो. नेमक्या हव्या त्या क्षणी वाचन गायब. काचेवर १ सेंमीची जाळी आखून मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमचा व्हिडिओ घेणं उत्तम. ०.७३ च्या वेगाने पायरी दर फ्रेमला ३ मिमी सरकते. कॅमेरा पाण्याच्या पृष्ठभागाच्या पातळीत ठेवावा, नाहीतर समोरच्या आणि मागच्या काचेवरची रेघ वेगळी दिसते. ५ सेंमीपेक्षा कमी खोलीवर काम करू नये, पृष्ठताण आणि घर्षण निकाल बिघडवतात.

२२ फेब्रुवारी
आता खरी भरती: धक्का नाही, हळूहळू चढणारं पाणी, आणि पायरी आपोआप व्हायला हवी.

समुद्राच्या टाकीत (१.२ चौरस मीटर) पंप सतत १५ लिटर ओततो, नदीचे ३ लिटर येतात, जास्तीचं १ मीटर लांबीच्या सांडव्यावरून बाहेर. सांडवा वर उचलला की समुद्र चढतो. एम१२ चा आटा असलेला रॉड, आटा १.७५ मिमी, गिअर मोटर.

फसतं ते इथे. समुद्र ५ सेंमी चढवायचा तर सांडवा ५ सेंमी उचलून भागत नाही. सुरुवातीला सांडव्यावरून १८ लिटर जातात, त्याला साडेचार सेंमीचा थर लागतो. शेवटी पाणी फ्लूममध्ये शिरू लागलं (सेकंदाला ११ लिटरच्या वर) आणि टाकी भरण्यात ३ लिटर गेले की सांडव्यावर एक लिटरही उरत नाही, थर अर्धा सेंमी. म्हणजे ४ सेंमी थरातच गेले. सांडवा ९ सेंमी उचलावा लागतो, २१ सेकंदांत, सेकंदाला ४.३ मिमी, रॉडचे मिनिटाला सुमारे १४७ फेरे. १५० आरपीएमची मोटर चपखल बसली. सांडव्याच्या कडांना सायकलची ट्यूब उभी चिरून लावली, गळती थांबते आणि घर्षणही फार नाही.

२ मार्च
नदी ३ लिटर, खोली ५ सेंमी, वेग ०.२. समुद्र सेकंदाला २.४ मिमीने चढवला. तोंडापाशी काहीच दिसत नाही, पाणी नुसतं फुगतं. अडीच मीटरवर उतार डोळ्यांना जाणवतो. पाच मीटरच्या आसपास पुढची कड उभी राहते आणि तिथून पुढे लहान लाटांची माळ घेऊन पायरी वर जाते. हिशेबातलं अंतरही ५ मीटरच होतं.

कारण एवढंच: उथळ पाण्यात लाट हळू चालते, खोल पाण्यात जोरात. भरतीचा पायथा उरलेल्या उथळ पाण्यातून, तेही समोरून येणाऱ्या प्रवाहाविरुद्ध चालतो. त्याच्या मागून आलेलं पाणी आधीच चढलेल्या, वर निघालेल्या पाण्यावर स्वार असतं. मागचं पुढच्याला गाठतं. गाठलं की पायरी. हे अंतर असं काढतात: पायथ्याचा वेग (लाटेचा वेग वजा नदीचा वेग), त्याचा वर्ग, भागिले लाटेचा वेग ज्या दराने वाढतो त्याची तिप्पट.

हीच पद्धत नदीला लावली. ओहोटीअखेर खोली २ मीटर, नदीचा वेग १ मीटर प्रतिसेकंद, पाणी तासाला दीड मीटरने चढतं. पायथा ३.४ मीटर प्रतिसेकंदाने चालतो आणि पायरी साडेआठ किमीवर तयार होते. खोली २ ऐवजी १० मीटर धरली, बाकी सगळं तेच ठेवलं, तर १२८ किमी. तेवढ्या अंतरात घर्षणाने भरतीच दमून जाते.

इथे एक मेख आहे. समुद्रातली भरती साइन वक्रासारखी, सुरुवातीला अगदी सावकाश चढते. वरच्या दराने ती पायथ्यापाशीच चढायला हवी असेल तर वक्र आधीच वाकडा झालेला असावा लागतो. नदीमुखात तो होतो: भरतीच्या १२ तास २५ मिनिटांच्या मुख्य आवर्तनात सव्वासहा तासांचं आवर्तन मिसळतं, भरती तीन-चार तासांत उरकते आणि ओहोटी आठ-नऊ तास रेंगाळते. बोअर हा या वाकडेपणाचा शेवटचा टप्पा. म्हणून वरचं साडेआठ किमी हे नदीच्या मुखापासून मोजायचं नाही, भरती आधीच वाकडी झालेल्या ठिकाणापासून मोजायचं.

९ मार्च
या प्रकल्पातली सगळ्यात महत्त्वाची चाचणी. समुद्र तोच, चढण्याचा दर तोच, नदी तीच ३ लिटर. फक्त सुरुवातीची खोली ५ ऐवजी १२ सेंमी. पायरी नाही. पूर्ण फ्लूमभर पाणी शांतपणे चढलं. हिशेबाने आता अंतर ३१ मीटर होतं.

फ्रान्सच्या सीन नदीत हेच झालं. तिथला बोअर, 'मास्कारे', प्रसिद्ध होता. जहाजांसाठी पात्र खोल केलं, काठ बांधून काढले, आणि १९६० च्या दशकात तो नाहीसा झाला. समुद्राची भरती जराही कमी झालेली नाही.

कॅनडातल्या पेटिकोडिआकची गोष्ट उलट दिशेने शिकवणारी. तिथे फंडीच्या उपसागराची प्रचंड भरती येते. १९६८ मध्ये मंक्टनजवळ दरवाजे असलेला बांध घातला. वर पाणी जाणं थांबलं, खालच्या पात्रात गाळ साचून नदी चिंचोळी झाली, बोअर एवढासा उरला. २०१० मध्ये दरवाजे उघडले. पात्र पुन्हा रुंदावू लागलं, बोअर परतला, २०१३ मध्ये लोक त्यावर सर्फिंग करत मैलोन्‌मैल गेले. नुसतं उथळ असणं पुरत नाही, पाण्याला वर जायला जागाही हवी. बांधाशी भरती परत फिरते आणि आत शिरणाऱ्या पाण्याचं आकारमानच घटतं.

खाडीत ड्रेजिंगचे किंवा बंधाऱ्याचे बेत आखताना हा परिणाम आधी तपासायला हवा असं आमचं ठाम मत आहे. बोअर गेला म्हणजे एक तमाशा गेला एवढंच नाही, गाळ हलण्याची आणि मिसळण्याची पद्धतच बदलते.

१६ मार्च
नरसाळं. फ्लूममध्ये प्लायच्या दोन भिंती तिरक्या बसवून दोन मीटरमध्ये रुंदी ३० वरून १५ सेंमी केली, तळाला उतरंड देऊन खोली १० वरून ५ सेंमी. ग्रीनच्या नियमाने रुंदी निम्मी झाली की लाटेची उंची १.४१ पट, खोली निम्मी झाली की १.१९ पट, मिळून १.६८ पट. रुंदीचा हात मोठा आहे. भिंतींचा कोन फार उघडा ठेवला तर बरंच पाणी परावर्तित होऊन मागे येतं आणि नियम लागू पडत नाही, संथ निमुळतं नरसाळंच हवं. प्लायच्या मागची पोकळी वाळूच्या पिशव्यांनी भरावी, नाहीतर तिथे पाणी वरखाली होऊन दाब खातं.

छ्येनथांगमध्ये हे नरसाळं निसर्गाने अवाढव्य केलंय. ही नदी ज्याला मिळते त्या हांगचौ उपसागराचं मुख सुमारे १०० किमी रुंद, आत कानफू गावापाशी २० च्या आसपास, आणखी वर यानक्वान गावापाशी तीनेक किमी. शिवाय कानफूच्या वर नदीच्या तळाशी गाळाचा लांबच लांब उंचवटा. भरती आधी रुंदीने दाबली जाते, मग अचानक उथळावर चढते. चिनी पंचांगातल्या आठव्या महिन्याच्या अठराव्या तिथीला, पौर्णिमेनंतरच्या उधाणात, ते बघायला काठावर गर्दी लोटते. गर्दीला धोका समोरच्या भिंतीपेक्षा बंधाऱ्यांवर आपटून वळलेल्या लाटेचा असतो, ती बाजूने येते.

२३ मार्च
प्रयोगशाळेत येणारे बहुतेक जण विचारतात: मग कोकणात का नाही? मुंबईला उधाणाची सरासरी कक्षा (भरती आणि ओहोटीच्या पातळीतला फरक) साडेतीन मीटरच्या थोडी वर. दक्षिणेकडे ती घटत जाते, गोव्यात दोनेक मीटर. मुंबईचाच आकडा धरून ५ मीटर खोल खाडी आणि अर्धा मीटर ओहोटीचा वेग घेतला, चढण्याचा सगळ्यात मोठा दर तासाला ०.९४ मीटर, तर पायरीला ७७ किमी लागतात. वाशिष्ठीत भरतीचं पाणी चिपळूणपाशी गोवळकोटपर्यंत पोचतं आणि संपतं. लाटेला धावायला तेवढं अंतरच नाही. पुढे घाट उभा.

कक्षा मोठी हवी तर वर खंबायतच्या आखाताकडे बघायचं. भावनगरला उधाणात ती १० मीटरच्या आसपास जाते. ओहोटीला जहाजं चिखलात बसू नयेत म्हणून तिथल्या बंदराला आत पाणी अडवून धरणारं लॉक गेट आहे. आखात स्वतःच नरसाळं, डोक्याशी मही आणि साबरमतीची उथळ, गाळाने भरलेली मुखं. बोअरला लागणारं सगळं तिथे एकत्र आहे.

३० मार्च
काल अमावस्या, आज चंद्र पृथ्वीच्या जवळच्या टप्प्यात, शिवाय विषुवदिन होऊन दहा दिवस झालेले. वर्षातल्या मोठ्या उधाणांपैकी हे एक. बोअर बघायला जाणाऱ्यांनी अमावस्या-पौर्णिमेच्या दिवसापेक्षा पुढचे एक-दोन दिवस धरावेत. भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या, लहान भरतीच्या) दिवसांत जाऊ नये.

फ्लूममध्ये आज हुगळीसारखा छेद: मधे १२ सेंमी खोल, एका बाजूला १:३ उताराचा काठ. गेटने फ्राउड १.३ च्या आसपास ठेवला. एकाच पायरीची दोन रूपं शेजारी शेजारी दिसली. मधे गुळगुळीत लाटांची माळ, काठाकडे खोली कमी होत गेली तसा तिथला फ्राउड वाढत गेला आणि पांढरा फुटता रूळ काठाला घासत गेला. काठावर २ मिमीची वाळू पसरली होती, रूळाखाली ती उचलली गेली, मधल्या भागात जवळजवळ जागची हलली नाही. लाकडी होडीचे छोटे नमुने ठेवले: मधली होडी दोन-तीनदा वरखाली झाली, काठाला बांधलेली पालथी पडून उतारावर फेकली गेली.

बानाची सूचना आली की हुगळीतले नावाडी काठाला बांधलेल्या होड्या सोडून मधल्या खोल पाण्यात नेतात, त्याचं कारण हेच. दोर आखूड बांधलेली होडी वर उचलली जाऊ शकत नाही, तिला दोरच बुडवतो. मधे गेल्यावर होडीचं तोंड लाटेकडे धरायचं, आडवी ठेवायची नाही. पहिला माथा गेला म्हणजे संपलं असंही नाही, मागची माळ बराच वेळ चालते.

पुढची जुळणी: काठाचा उतार १:३ ऐवजी १:६, वाळू १ मिमी, तोच फ्राउड. प्लायच्या खालच्या कडेला सिलिकॉन आजच भरलंय, २ एप्रिलपर्यंत पाणी सोडू नये.